माँटेसरी बाई : ज्यांना 'शिकणार नाही' म्हणून सोडून दिलं, त्या मुलांच्या पहिल्या मास्तरीण

बालवाडीत मुलं मणी ओवतात, ठोकळे रचतात, खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवतात. या पद्धतीला 'माँटेसरी' म्हणतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण तिची सुरुवात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांपासून झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या किआराव्हाले गावी झाला. मुलीने डॉक्टर व्हावं हे वडिलांना पटत नव्हतं, आई मात्र पाठीशी उभी राहिली. मुलांच्या बरोबरीने मुलीने प्रेत चिरायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. म्हणून सगळे निघून गेल्यावर त्या एकट्या शवविच्छेदन करायच्या. १८९६ मध्ये त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या.

वेड्यांच्या इस्पितळात

नोकरीच्या निमित्ताने त्यांना रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळात जावं लागे. तिथे मतिमंद म्हणवली जाणारी लहान लेकरं मोठ्या मनोरुग्णांसोबतच कोंडलेली असायची. खायला मिळे, पण हातात धरायला साधं खेळणंही नव्हतं. जेवण झालं की ही मुलं जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करत बसायची, असं सांगतात. सांभाळणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटला. माँटेसरींना वाटलं, या मुलांच्या हातांना काहीतरी काम हवंय.

फ्रान्सच्या इटार्ड आणि सेग्वाँ या दोन डॉक्टरांनी अशा मुलांवर आधीच काम केलं होतं. त्यांची पुस्तकं माँटेसरींनी बारकाईने वाचली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज जास्त आहे, हे त्यांनी १८९८ मध्ये तुरीनच्या शिक्षण परिषदेत ठामपणे मांडलं. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली, तिला जोडूनच मुलांचा वर्गही होता. माँटेसरी तिथल्या सहसंचालक होत्या. त्या दिवसभर मुलांना शिकवायच्या आणि रात्री टिपणं काढायच्या. लाकडी अक्षरं हाताळत काही मुलं लिहा-वाचायला शिकली आणि साध्या शाळेतल्या मुलांची परीक्षा पास झाली. लोकांनी चमत्कार म्हटलं. माँटेसरींना प्रश्न पडला तो वेगळाच : मग धडधाकट मुलं शाळेत इतकी मागे का?

स्वतःचं लेकरू दूर

याच काळात, १८९८ मध्ये, त्यांना लग्नाविना मुलगा झाला. लोकलाजेपायी मारिओला खेड्यातल्या एका कुटुंबात ठेवावं लागलं. तो आईकडे राहायला आला तेव्हा साधारण पंधरा वर्षांचा होता.

१९०१ मध्ये त्यांनी ती संस्था सोडली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं 'बालगृह' उघडलं आणि पद्धत जगभर गेली. नाव झालं ते साध्या मुलांच्या शाळांमुळे. जिच्यापासून सुरुवात झाली ती मुलं मात्र मागे पडली.

भारतात आणि आपल्याकडे

१९३९ मध्ये त्या मारिओसह मद्रासला आल्या. महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या आणि शिक्षक घडवत राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी ही पद्धत खेड्याला परवडेल अशी केली. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये माँटेसरींचं निधन झालं.

आजही गावात उशिरा बोलणारं, उशिरा चालणारं लेकरू कोपऱ्यात बसवलं जातं. कुणी देवऋषी गाठतं, कुणी पाहुण्यांपासून लपवतं. जितका उशीर, तितकं नुकसान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, प्रमाणित अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.