दिलेला शब्द आणि अडलेली सोंगटी

बँकेत असताना दुपारच्या सुट्टीत आम्ही बुद्धिबळ मांडत असू. निवृत्तीनंतर मात्र जपानी ‘गो’ने मला धरले. एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेघा, 361 छेदबिंदू, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. नियम पोरालाही कळतील इतके थोडे. त्यातला एक ‘को’चा. काही जागी तुम्ही माझी एक सोंगटी उचललीत की मी लगेच तुमची उचलू शकतो, मग तुम्ही माझी. हे संपायचेच नाही. म्हणून लगेच परत मारायला बंदी! आधी दुसरीकडे अशी धमकी द्यायची, की समोरच्याला उत्तर देणे भाग पडावे, मग परतायचे. ज्याच्या धमक्या आधी संपल्या तो ‘को’ हरला. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, शिल्लक कोणाची जास्त, एवढाच प्रश्न.

या हिशेबातला एक महापंडित म्हणजे इनोउए दोसेत्सु इनसेकी. जन्म 1646. तेव्हा जपानात शोगुनच्या आश्रयाने गो खेळणारी चार घराणी होती. गुरू होनइनबो दोसाकू याच्याहून जेमतेम वर्षाने लहान. दोसाकूचे तरुण, गुणी शिष्य त्याच्या हयातीतच गेले. उरला दोची, बारा-तेरा वर्षांचा पोर. 1702 मध्ये मृत्युशय्येवर दोसाकूने या मुलाला इनसेकीच्या ओटीत घातले आणि वचन घेतले, की ‘मेइजिन-गोदोकोरो’ हे सर्वोच्च पद तू स्वतः घ्यायचे नाहीस. इनसेकीने शब्द दिला. पोराला शिकवले, वाढवले, त्याच्या मानासाठी इतर घराण्यांशी वाद घातला.

पुढे 1710 मध्ये रयुक्यू बेटांहून शिष्टमंडळ आले. त्यातल्या एका खेळाडूला प्रमाणपत्र हवे होते आणि ते देण्याचा अधिकार त्याच पदाचा. पद रिकामे. इनसेकी त्यावर बसला. काम झाल्यावर उतरेल, असे वाटले असेल. तो उतरला नाही. 1719 मध्ये तो वारला तेव्हाही पद त्याच्याकडेच होते. दोचीला ते त्यानंतर लाभले.

हे वाचताना मी पुस्तक मिटले. एका शाखेच्या जागेसाठी अर्ज करणार नाही, असा शब्द मीही एकदा धाकट्या सहकाऱ्याला दिला होता. अर्ज केला. कारणे सबळ होती. कारणे नेहमीच सबळ असतात.

पण इनसेकीच्या खात्यात एक जमाही आहे. 1713 मध्ये त्याने आपल्या घराण्यातल्या शिष्यांसाठी ‘इगो हात्सुयोरोन’ हा प्रश्नसंग्रह सिद्ध केला. आज त्यात 183 प्रश्न मिळतात. कित्येकांत नुसता ‘को’ दिसून भागत नाही. तो आधी कोणी मारायचा, धमक्या कुठे, किती आणि त्या वाया तर जात नाहीत ना, हे चाल करण्यापूर्वीच मोजावे लागते. त्यातला 120 वा प्रश्न तर जगातला सर्वांत अवघड म्हणून गाजला. फुजिसावा हिदेयुकीसारखा दिग्गज त्याच्याशी झुंजला. युरोपातल्या हौशी खेळाडूंनी नव्या चाली शोधल्या आणि 2019 मध्ये एका संगणकालाही त्याच प्रश्नावर मुद्दाम शिकवून बसवले गेले.

पटावर इनसेकीने घाई माफ केली नाही. हातची संधी सोडून आधी दुसरीकडे बघा, हे तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवत राहिला. स्वतःच्या आयुष्यात मात्र ते त्याला जमले नाही. मला त्याचा राग येत नाही. रोज सकाळी चहाबरोबर त्याचा एखादा प्रश्न मांडतो, चुकतो आणि त्या सहकाऱ्याला पत्र लिहायचे अजून राहिले आहे, हे आठवते. आज रविवार आहे. लिहावे म्हणतो.