मातीचे नाते

कुष्ठरोग मज्जातंतूंवर आघात करतो. त्यामुळे हातापायांची संवेदना हळूहळू नाहीशी होते. काटा रुतला किंवा चटका बसला तरी कळत नाही. पूर्वी या रोग्याला माणसाचा स्पर्शही पारखा होई. घर, गाव, शेत, सारेच सुटे. अशा माणसांना पुन्हा मातीशी जोडणारे बाबा आमटे यांचा हा परिचय आहे.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी विदर्भातील हिंगणघाट येथे जमीनदार कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्याला वकिली केली. एकदा भर पावसात रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा मरणासन्न कुष्ठरोगी त्यांना दिसला. निर्भय म्हणून ओळखले जाणारे बाबा त्या दिवशी भ्याले आणि निघून गेले. पण ही भीतीच त्यांना सलू लागली. ते परतले, त्यांनी त्याच्यावर आडोसा उभारला, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या आयुष्याला मात्र दिशा मिळाली. कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले.

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ, झुडपांनी भरलेल्या जमिनीवर ‘आनंदवन’ सुरू झाले. सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि हातात चौदा रुपये होते. तेथे विंचू-सापांचा सुळसुळाट होता. सर्वांनी मिळून प्रथम विहीर खणली. झडलेल्या बोटांनी कुदळ धरणे सोपे नव्हते. जखम झाली तरी कळत नसे. म्हणून हातपाय डोळ्यांनी तपासावे लागत. अखेर पाणी लागले, वाफे तयार झाले आणि भाजीपाला पिकला.

परंतु रोग्यांच्या हातची भाजी घेण्यास गावातील लोक धजेनात. १९५४ साली अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. त्यांनी रुग्णांबरोबर बांधकाम केले, त्यांनी पिकवलेले अन्नही खाल्ले. ते पाहून गावकऱ्यांची भीती ओसरू लागली आणि आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळाले. भिक्षेसाठी पसरणारे हात आता विक्रीसाठी पुढे झाले.

पुढे आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांसाठीही शाळा निघाल्या. माळरानावर झाडी वाढली होती. ज्याची बोटे बधिर, त्याला कोवळा अंकुर डोळ्यांनी पाहता येतो. ज्याला दिसत नाही, त्याला पहिल्या पावसाचा मृद्गंध आणि पानांची सळसळ कळते. ज्याला ऐकू येत नाही, त्याला सालीचा खरखरीतपणा हाताने जाणवतो. एक दार बंद असले तरी निसर्ग दुसऱ्या दाराने आत येतो. मात्र त्यासाठी माणसाला झाडामातीपर्यंत पोहोचता आले पाहिजे. बाबांनी ही वाट खुली केली. तीही दयेने नव्हे, तर श्रमाच्या हक्काने.

पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना स्वतःलाही पुढे बसता येईनासे झाले. ते उभे राहत किंवा पडून असत. तरीही त्यांचे काम थांबले नाही. १९८५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह दहन न करता तेथील मातीतच विसावला.

विचार करा
१. गावकऱ्यांची भीती उपदेशाने नव्हे, तर कशामुळे दूर झाली?
२. आपल्या परिसरातील बागेत अंध किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला कोणत्या अडचणी येतील? त्या कशा दूर करता येतील?