पंडिता रमाबाईंचा परदेशवास : आश्रितेपासून निरीक्षकापर्यंत

पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने वैद्यकशिक्षणाचा संकल्प सोडावा लागला. वाँटेजच्या मठात जोगिणींना मराठी शिकवावे आणि स्वतः इंग्रजी शिकावे, असा दिनक्रम ठरला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरमध्ये, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांचा संबंध सरळ रेषेत जोडणे मात्र धाडसाचे ठरेल.

धर्म एक झाला तरी परकेपण सरले नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. आश्रय होता, पण सशर्त. त्या अटींशी रमाबाईंनी पत्रांतून निकराने वाद घातला. शाकाहारही सोडला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. येथे त्यांची दृष्टी पालटली. ‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) हे पत्र होते, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे समाजदर्शन आहे. त्यात स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक आहे, तसा वर्णद्वेषाचा आणि मूळ रहिवाशांवरील अन्यायाचा निषेधही आहे. इंग्लंडमध्ये ज्यांच्या वर्तनाची तपासणी होत होती, त्या येथे एका राष्ट्राची तपासणी करीत आहेत, आणि तीही मराठीत, मराठी वाचकांसाठी.