जोतीराव फुले आणि दारूच्या दुकानांवरील कर

महात्मा जोतीराव फुले ह्यांचें नांव औसा तालुक्यांतील लहानथोरांस ठाऊक आहे. मुलींची शाळा, अस्पृश्यांस खुला केलेला घरचा हौद, सत्यशोधक समाज ह्या गोष्टी शाळकरी मुलेंहि सांगतात. परंतु पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद असतां त्यांनीं दारूच्या दुकानांविषयीं एक पत्र लिहिलें होतें, हें थोड्यांसच माहीत असतें. जून 2025 मध्यें महाराष्ट्र सरकारनें दारूवरील कर वाढविला, तेव्हांपासून दारू महाग केल्यानें पिणारा खरोखर कमी पितो काय, हा प्रश्न पुन्हां निघाला आहे. म्हणून आम्ही जोतीरावांचें चरित्र आज त्या पत्राच्या बाजूनें सांगत आहों.

त्यांचा जन्म 1827 सालीं माळी कुटुंबांत झाला. आई लहानपणींच वारली. वडील गोविंदराव ह्यांनीं लोकांच्या सांगण्यावरून मुलास शाळेंतून काढून शेताच्या कामास लाविलें. पण गफार बेग मुन्शी व लेजिट साहेब ह्या शेजाऱ्यांनीं त्यांचें मन वळविलें, आणि 1841 सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. पुढें त्यांनीं अहमदनगरास मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली व 1848 सालीं पुण्यांत तशीच शाळा काढली. तेथें शिकविण्यास कोणी मिळेना, तेव्हां पत्नी सावित्रीबाई पुढें झाल्या. ह्यापायीं दोघांस वडिलांचें घर सोडावें लागलें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

पोटासाठीं जोतीरावांनीं सरकारी बांधकामांचे मक्ते घेतले. खडकवासल्याच्या तलावाच्या कामास ते दगड पुरवीत. त्यामुळें हातावर पोट असलेला मजूर त्यांनीं जवळून पाहिला होता. 1876 सालीं ते म्युनिसिपालिटीचे सभासद नेमले गेले आणि 1882 पर्यंत त्या जागेवर राहिले.

ह्याच काळांत, 1878 सालीं, मुंबई इलाख्यांत अबकारीचा नवा कायदा झाला. दारू गाळण्यावर सरकारचा ताबा बसला व जकात चढली. दारू महाग झाली म्हणजे लोक कमी पितील आणि तिजोरीहि भरेल, असा एका दगडांत दोन पक्षी मारण्याचा हा हिशेब होता. परंतु विक्रीचा मक्ता घेणाऱ्यानें सरकारास ठरलेली रक्कम भरलीच पाहिजे, अशी अट असे. ती रक्कम अंगावर येऊं नये म्हणून तो जितके पेले विकतां येतील तितके विकणारच. एका हातानें किंमत वाढवावी आणि दुसऱ्या हातानें विकणाऱ्यास टोचणी लावावी, असा तो कारभार होता असें आम्हांस वाटतें.

18 जुलै 1880 रोजीं जोतीरावांनीं म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक कमिटीचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट ह्यांस पत्र लिहिलें. शहरांत दारूचीं दुकानें वाढत असून लोकांच्या नीतीस व आरोग्यास त्यांपासून अपाय होत आहे, तरी ह्या व्यसनास आळा बसावा म्हणून दुकानांवर कर बसवावा, असा त्याचा आशय होता. कर पेल्यावर नसून दुकानावर सुचविला होता, इकडे लक्ष द्यावें. दुकानदार तो कर गिऱ्हाइकाकडूनच काढील हें खरें. पण ज्याचा धंदा बेताचा तो दुकान उघडण्यापूर्वीं दोनदां विचार करील. वाटेवर दुकानच नसलें म्हणजे पगार घेऊन निघालेला मजूर घरापर्यंत पोहोंचण्याचा संभव वाढतो.

किंमतीचा परिणाम होतो, हें आतां अनेक देशांतील अभ्यासांवरून ठरलें आहे. किंमत शेंकडा 10 वाढली तर एकंदर पिणें शेंकडा 4 ते 5 घटतें. मात्र फार पिणाऱ्यांत ही घट बरीच कमी दिसते. स्कॉटलंडांत 2018 पासून एका ठराविक किंमतीखालीं दारू विकण्यास मनाई आहे. तेथें केवळ दारूनें होणारे मृत्यु ह्या नियमामुळें सुमारें शेंकडा 13 कमी झाले, असा अंदाज 2023 सालीं निघाला. ज्यास अजून चटक लागलेली नाहीं अशा तरुणास महागाई अडविते. परंतु पक्का पिणारा पेल्याचे पैसे घरच्या ज्वारींतून काढतो, आणि ती तूट त्याच्या बायकोच्या ताटांत पडते. शिवाय जेथें हातभट्टी जवळ आहे, तेथें सरकारमान्य बाटली महागली कीं पाय तिकडे वळतात. 2015 सालीं मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभरांवर माणसें मेलीं. तीं गरिबांचींच घरें होतीं.

औशाकडील वडीलधाऱ्यांस निजामाची राजवट आठवेल. त्या राज्याच्या उत्पन्नांत अबकारीचा वाटा मोठा होता, म्हणूनच 1947 च्या लढ्यांत तरुणांनीं शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड चालविली. ज्या तिजोरीस दारूचा पैसा लागतो तिनें दारू कमी व्हावी असें मनापासून इच्छिणें कठीण, आणि हें आजच्या तिजोरीसहि लागू आहे. 2008 च्या नियमानें गांवच्या किंवा वॉर्डाच्या निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनीं आडव्या बाटलीस मत दिलें तर दुकान बंद होतें. दुकानावरच बोट ठेवणारा हा उपाय जोतीरावांच्या सूचनेस अधिक जवळचा आहे.

त्याच 1880 सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठीं म्युनिसिपालिटीनें खर्च मंजूर केला, तेव्हां विरुद्ध मत एकट्या जोतीरावांचें पडलें. पुढें 1882 सालीं त्यांनीं हंटर कमिशनपुढें बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. 1888 सालीं मुंबईच्या सभेंत त्यांस महात्मा ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षीं अर्धांगवायूनें उजवा हात गेला. डाव्या हातानें लिहून त्यांनीं आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजीं ते वारले. अंत्ययात्रेच्या वेळीं टिटवें कोणीं धरावें ह्यावरून भाऊबंदांनीं वाद घातला, तेव्हां सावित्रीबाईंनीं तें स्वतः हातीं घेतलें.