साताऱ्यातला देवाचा दरबार



शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी मात्र आपल्या गावात आयुष्याची शेवटची वर्षं काढलेल्या एका माणसाविषयी लिहिणार आहे. ‘केवढे हे क्रौर्य’ ही घायाळ पक्षिणीची कविता आपल्यातल्या कितीतरी जणांना पाठ होती. कवीचं नाव रेव्हरंड ना. वा. टिळक. ‘रेव्हरंड’ आणि ‘टिळक’ एका ओळीत कसे, असा प्रश्न मधल्या सुट्टीत मला हमखास विचारला जायचा, कारण तुकडीत ख्रिस्ती मी एकटाच. त्याचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नव्हतंच. आज जरा जागा मिळाली आहे.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणं चित्पावन ब्राह्मणाचं. आईला कवितेची आवड, वडील तापट. आई लवकर गेली. पुढे नाशिकला राहून त्यांनी संस्कृतचा पक्का अभ्यास केला. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. त्याच लक्ष्मीबाई टिळक. संसार मात्र एका जागी टिकेना. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा संपादक, आणि मनात सतत एकच विचार, की या देशाचं आणि धर्माचं व्हायचं कसं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याकडून घेतला नाही, आग्रहाने एका देशी पाळकाच्या हातून घेतला. नाव बदललं नाही, आडनावही नाही. धर्म बदलला म्हणजे आपण मराठी राहिलो नाही, हे त्यांना कधीच कबूल नव्हतं.

लोकांना मात्र ते अगदी उघड वाटत होतं. नातलगांनी दारं लावून घेतली. त्या काळी जातीबाहेर पडणं म्हणजे पंगत, पाणवठा आणि लग्नकार्य एका दिवसात तुटणं. आणि त्याची सर्वांत मोठी किंमत टिळकांनी मोजली नाही, लक्ष्मीबाईंनी मोजली. लहान मुलाला पदराखाली घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत, आणि लोक कीव करायला येत. टिळकांचा मी कितीही भक्त असलो तरी इथे त्यांची बाजू घेणं मला जमत नाही. बायकोला विश्वासात न घेता एवढं पाऊल टाकायला नको होतं. चार-पाच वर्षांनी त्या अहमदनगरला आल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळून. त्यांच्या मनातली जात हळूहळू त्यांची त्यांनाच खोटी वाटू लागली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. स्वतःच्या दुःखावर इतकं हसणारं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. बाहेरचे परके मानतात म्हणून आतले सगळे कवटाळतातच असं नाही, हे माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको. चर्चमध्ये इंग्रजी चालींची भाषांतरित गीतं गायली जात. टिळकांनी तिथे अभंग, ओवी, टाळ आणि कीर्तन आणलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते उघड सांगत. ही तर मागच्या दाराने जुनी पूजा आली, असं काही ख्रिस्ती मंडळींना वाटे. पण ज्यांनी हाकलून दिलं त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच चालीत टिळक गात राहिले, आणि त्यात कडवटपणा येऊ दिला नाही. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. त्या घरात बालकवी हिंदू म्हणून आले आणि हिंदूच राहिले. त्यांची कविता तेवढी मोठी झाली. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ साप्ताहिकाचं मराठी अंग सांभाळत होते. देशावरचं प्रेम आणि ख्रिस्तावरची भक्ती त्यांच्या लेखणीत वेगळी काढता येत नाही.

मग आलं आपलं सातारा. १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगाराचा आधार गेला. मिशनविषयी राग होता असं नाही. परदेशी पैशावर उभा असलेला धर्म या मातीत रुजणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. साताऱ्याला येऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले बसत आणि न घेतलेलेही. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्याने आपला समाज आणि आपली माणसं सोडून यावंच, अशी अट तिथे नव्हती. ज्या अटीने स्वतःचं घर मोडलं, ती त्यांनी दुसऱ्या कुणावर लादली नाही. दरबाराचं वर्णन वाचताना मला हीच गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते.

नोकरीमुळे माझं पुढचं आयुष्य सांगलीत गेलं. तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. विल्यम वॉनलेस नावाचा तरुण डॉक्टर १८८९ मध्ये या भागात आला, १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, आणि पुढे सांगली-मिरजेच्या मधल्या एका वस्तीला लोकांनी त्याचंच नाव दिलं: वॉनलेसवाडी. ख्रिस्ती म्हणून त्याला कुणी गावाबाहेर ठेवलं नाही. सगळ्या जातींची माणसं त्याच्या टेबलावर निजली. त्याचं मोठेपण मोठंच आहे. पण परक्या माणसाचा धर्म आपण चालवून घेतो. आपल्यातल्याच कुणी तो घेतला तर ते पोटात राहत नाही. टिळकांच्या हातात शस्त्रक्रियेची सुरी नव्हती, फक्त शब्द होते. शब्दाला दार उघडायला वेळ लागतो.

टिळकांना तेवढा वेळ मिळाला नाही. दरबार सुरू होऊन दोन वर्षंही होत नाहीत तोच ते आजारी पडले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांच्यामागे दरबार फार काळ चालला नाही. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ दहाएक अध्यायांवर अडलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. एके काळी ज्या धर्माने आपला नवरा नेला म्हणून त्या रडल्या, त्याच धर्माचं महाकाव्य म्हातारपणी बसून त्यांनी लिहिलं. १९३६ साली त्या गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये, मुलगा देवदत्त याच्या हातून, छापून बाहेर आला.

आमच्याकडे रविवारी टिळकांची भजनं अजून होतात, पेटी-तबल्यावर. संमेलनाच्या पहिल्या रात्री गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आहे असं पत्रात वाचलं. पेटी कुणी आणणार असेल तर त्यातलं एक मी म्हणेन. टाळ मी घेऊन येतो, धरायला तुम्ही या.