ऑलिम्पिक पदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांची कुस्ती शेवटी एका गुडघ्याने थांबवली

साल १९५२. फिनलंडमधलं हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा २६ वर्षांचा पैलवान जपानच्या शोहाची इशीसोबतची लांबलेली कुस्ती संपवून मॅटवरून उतरला. दम अजून खाली बसला नव्हता. तेवढ्यात त्याला सोव्हिएत पैलवान रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं राहायला सांगण्यात आलं.

दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्याच्या बाजूला एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेला पैलवान तसाच उतरला आणि हरला. तरीही ५७ किलो गटातलं कांस्यपदक त्याने मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

हा पैलवान म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

हेलसिंकीची गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत आहे. त्यानंतर काय झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. खाशाबांना १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला जायचं होतं. त्याआधीच त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांची ऑलिम्पिकची वाट कायमची बंद झाली.

गोळेश्वर ते हेलसिंकी

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. त्यामुळे लाल माती घरातच होती. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झालं. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामातही ते होते. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

अंगाने किरकोळ, पण चपळाई जबरदस्त. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. आयुष्य मातीत गेलेला हा पैलवान तिथे गादीवर खेळला आणि ५२ किलो गटात सहावा आला.

१९५२ ला पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. वय तिशीच्या आत, दोन ऑलिम्पिकचा अनुभव, हातात पदक. अशा वेळी गुडघा गेला.

हाड मोडणं परवडलं, गुडघा नको असं का म्हणतात?

मोडलेलं हाड स्वतःला सांधू शकतं. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्या गाठीत नव्या पेशी येतात, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, पुढे त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. मनगटाच्या हाडाला साधारण सहा आठवडे लागतात, मांडीच्या हाडाला तीन महिने किंवा जास्त. हाड नीट बसवून हलू दिलं नाही, तर ते बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यासारखं मजबूत होतं.

गुडघ्याचं तसं नाही. मांडीचं आणि नडगीचं हाड इथे एकमेकांवर टेकलेलं असतं. त्यांना धरून ठेवतात चार मुख्य लिगामेंट, म्हणजे चिवट दोरखंड. दोन हाडांच्या मध्ये धक्के झेलणाऱ्या दोन चकत्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. बोलीभाषेत गादी.

कुस्तीत पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि अंग गर्रकन फिरतं. समोरचा पट काढायला घुसतो, तेव्हा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. अशा वेळी हाड शाबूत राहतं, पण आतला दोरखंड तुटतो किंवा गादी फाटते.

गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला पुरेसा रक्तपुरवठा असतो. आतल्या भागाला रक्तच नाही, म्हणून तो भाग फाटला की सहसा जुळून येत नाही. गुडघ्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटभोवती सांध्यातलं वंगण असतं. त्यात रक्ताची गाठ टिकत नाही, त्यामुळे तुटलेली टोकं सहसा आपोआप सांधत नाहीत. वरून सूज उतरते, माणूस चालायला लागतो. पण डाव टाकताना गुडघा दगा देतो.

१९५५ च्या आसपास इलाज काय होता?

त्या काळी गुडघ्याच्या आत बघायची सोयच जवळपास नव्हती. एक्स-रे होता, पण त्यात हाड दिसतं. लिगामेंट आणि गादी दिसत नाही. एमआरआय दवाखान्यांत यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

इलाज म्हणजे विश्रांती, प्लास्टर, नाहीतर गुडघा उघडून फाटलेली गादी काढून टाकणं. अशी गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे झीज होते, हे ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. पण दुसरा चांगला पर्याय हाती नव्हता.

तो पर्याय जपानमध्ये तयार होत होता. बारीक दुर्बीण गुडघ्यात घालून आत बघायचा प्रयोग केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये सुरू केला होता. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ती दुर्बीण सुधारली आणि १९६२ मध्ये तिच्या मदतीने गादीचा फक्त फाटलेला भाग काढला. तोवर मेलबर्नच काय, १९६० चं रोम ऑलिम्पिकही होऊन गेलं होतं.

फरक बघायचा तर विनेश फोगाट बघा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघा दुखावल्यामुळे तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. शस्त्रक्रिया झाली आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये तिने सुवर्ण जिंकलं. २०२३ मध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत धडक मारली. वजनामुळे ती अपात्र ठरली, गुडघ्यामुळे नाही.

पदकानंतरची लढाई

खाशाबांनी पोलीस खात्यात पंचवीसहून जास्त वर्षं काढली. खात्यात त्यांनी क्रीडा प्रशिक्षणाचं कामही केलं. असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले, पण पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं.

१९९६ मध्ये लिएंडर पेसने कांस्य जिंकलं, तेव्हा ४४ वर्षांपूर्वीच्या त्या पदकाची देशाला पुन्हा आठवण झाली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं.

आजच्या पैलवानाने यातून काय घ्यायचं?

कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कराड असो की तापीकाठी केदारेश्वराचं प्रकाशा, गुडघा मुरगळला की आधी तेल लावून चोळणारा माणूस शोधला जातो. मुका मार असेल तर निभावून जातं. पण दुखापतीच्या वेळी आतून कट्ट आवाज आला, काही तासांत गुडघा टम्म सुजला, सरळ होईना, पायावर भार देता येईना किंवा चालताना गुडघा सटकतोय असं वाटलं, तर चोळायचं नाही आणि ओढून बसवायचंही नाही. खेळ थांबवायचा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावायचा, पाय उंचावर ठेवायचा आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं.

प्रकाशा गावच्या पोराला त्यासाठी शहादा नाहीतर नंदुरबार गाठावं लागेल. एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाईल. एक्स-रेमध्ये हाड चांगलं आहे एवढं ऐकून परत फिरायचं नाही, लिगामेंट आणि गादीचं काय, हेही विचारायचं. लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर आखाड्यात उतरायला नऊ महिने किंवा जास्त लागतात. घाई केली तर तोच गुडघा पुन्हा जातो.

खाशाबांच्या वेळी हा रस्ताच नव्हता.