नटसम्राट बालगंधर्व आणि त्यांच्या घरची माणसे



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी आपण दरवर्षी एखादी नाटिका बसवतो. पुरुषपात्रे करायला पुरुष येत नाहीत, म्हणून धोतर नेसून, फेटा बांधून आणि काजळाच्या मिशा काढून आपल्यातल्याच बायका सासरा, पाटील, शिपाई होतात. समोरची पोरे हसतात, आपणही हसतो. परंतु एके काळी मराठी रंगभूमीवर ह्याच्या अगदी उलट प्रकार होता. घरंदाज बाईने रंगमंचावर उभे राहावे हे लोकांना पटत नसे. म्हणून बहुतेक नाटक मंडळ्यांत पुरुषच लुगडे नेसून सुभद्रा, शकुंतला, रुक्मिणी होत. त्या पुरुषांत ज्यांचे नाव सर्वांत मोठे झाले, त्या कै. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व ह्यांचे चरित्र मी थोडक्यात लिहीत आहे. ह्याच स्मरणिकेत ते का लिहिले, ते शेवटी सांगते.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. घरची स्थिती बेताची होती. परंतु देवाने गळा असा दिला होता की ऐकणाऱ्याने हातातले काम ठेवावे. लहान वयातच त्यांचे गाणे पुण्यास लोकमान्य टिळकांच्या कानी पडले आणि बालगंधर्व हे नाव त्यांनी ठेवले, ते जन्मभर चिकटले. पुढे ह्या मुलाच्या कानाला विकार झाला. गाणाऱ्याचा कान गेला तर राहिले काय? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांच्या उपचाराची सोय मिरजेस केली.

त्या सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीत मोठी उणीव होती. स्त्रीभूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांच्या जागी शोभेल असा नट मिळत नव्हता. १९०५ साली नारायणराव त्या मंडळीत दाखल झाले आणि शकुंतला होऊन प्रेक्षकांपुढे आले. त्या दिवसापासून मंडळीचे दिवस पालटले.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगताना आईच्या जातीला जड जाते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. भामिनीचे काम नारायणरावांकडे होते. आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग बंद ठेवता आला असता, कुणी नाव ठेवले नसते. परंतु मंडळीचा पैसा अडकला होता, लोक जमणार होते. नारायणरावांनी डोळे पुसले, तोंडाला रंग लावला आणि ते भामिनी होऊन रंगमंचावर गेले. नाटक अतिशय गाजले.

ही गोष्ट नाटकाच्या माणसांत फार अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण ती ऐकली की माझे मन त्या रात्री रंगमंचाकडे जात नाही. ते नारायणरावांच्या पत्नीकडे, लक्ष्मीबाईंकडे जाते. टाळ्या तिकडे पडत होत्या आणि घरी पाळणा रिकामा झाला होता. नटाने दुःख गिळले म्हणून त्याचे नाव झाले. बाईने दुःख गिळले ते कुणी लिहून ठेवले नाही.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह नारायणरावांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली 'स्वयंवर' आले. त्याला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या होत्या आणि त्यातली रुक्मिणी घरोघर जाऊन पोहोचली. गावोगावच्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालू लागल्या. बायकांनी नीट कसे नेसावे हे पुरुषाने शिकवले, असे पूर्वी कधी झाले नसेल! १९१९ साली गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते वारले होते. त्यात नवऱ्याच्या दारूपायी धुळीस मिळालेली, दळण दळणारी सिंधू नारायणरावांनी उभी केली. शालू आणि दागिने घालणारा हाच नट दरिद्री बाईच्या वेषातही तितकाच खरा वाटे. दारूने बुडालेला संसार आपल्याही गल्लीबोळांत पाहायला मिळतो, म्हणून सिंधू आपल्याला परकी नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस 'संयुक्त मानापमान' झाले. दोन मोठ्या मंडळ्यांचे दोन मोठे नट, नारायणराव आणि केशवराव भोसले, टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच नाटकात उभे राहिले. एरवी दोघांचे चाहते एकमेकांशी भांडत. पण देशकार्यासाठी दोघांनी मीपणा बाजूला ठेवला. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले.

नारायणरावांना पैसा राखणे मात्र कधी जमले नाही. रंगमंचावर लटके काही चालायचे नाही: शालू खरे, अत्तर उंची, साथीला अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी. प्रेक्षकाला ते मायबाप म्हणत आणि मायबापापुढे हलके ताट वाढायचे नाही अशी त्यांची समजूत होती. मंडळीवर कर्ज झाले. ते त्यांनी प्रयोग करकरून फेडले. परंतु पुढे बोलपट आले आणि नाटकगृहे ओस पडू लागली. १९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' बोलपटात त्यांनी आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांचे काम केले. सगळा जन्म लुगडे नेसून गाजलेला नट तिथे पुरुषवेषात उभा राहिला. पण त्यांचा जीव बोलपटात रमला नाही. समोर माणसे बसलेली नसतील तर गायचे कुणासाठी?

१९४० साली लक्ष्मीबाई वारल्या. त्याआधी दोन-तीन वर्षांपासून गोहरबाई कर्नाटकी ही गायिका त्यांच्या मंडळीत आली होती. ह्या संबंधावरून लोकांनी पुष्कळ बोल लावले, आणि जास्त करून ते तिलाच लावले. कोण चुकले हे ठरवणारी मी कोण? एवढे मात्र खरे की पुढे नारायणरावांचे पाय गेले, पैसा गेला, ओळखीचे लोक कमी झाले, तेव्हा त्यांचे सगळे करायला गोहरबाई जवळ होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा काय असते हे आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत आहे. त्याचा प्रयोग रोज असतो आणि त्याला प्रेक्षक नसतात. १९६४ साली तीही गेली.

सत्कार झाले, नाही असे नाही. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा मान मिळाला. सांगलीस ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आद्य नाटककार विष्णुदास भावे ह्यांच्या नावाचे जे पदक देतात, ते प्रथम बालगंधर्वांना दिले गेले. पुण्यात त्यांच्या नावाचे मोठे नाट्यगृह बांधायचे ठरले, त्याची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांच्याच हस्ते बसली. १९६४ साली सरकारने पद्मभूषण दिले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले आणि पुढच्या वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते बालगंधर्व रंगमंदिर उघडले. तिथे त्यांची दोन मोठी चित्रे लावली, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. आता पुण्याची महानगरपालिका त्यांच्या नावाने ज्येष्ठ रंगकर्मींना पुरस्कार देते. चांगलेच आहे. पण नाट्यगृह उघडले तेव्हा तो गळा नव्हता, पदके आली तेव्हा पाय नव्हते, आणि लक्ष्मीबाई तर आधीच गेल्या होत्या.

२०१७ च्या एप्रिलात आपल्या गावी, तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणत, ९७ वे मराठी नाट्यसंमेलन झाले. अध्यक्ष जयंत सावरकर होते. म्हाताऱ्या नटाला एवढ्या मानाने आपल्या गावात मिरवताना पाहून ऊर भरून आला. तेव्हापासून मनात आहे की मानाच्या व्यासपीठावर आणखी एक खुर्ची असावी, घरातल्या माणसाची.

म्हणून मी अध्यक्षीणबाईंना एक विनंती केली आहे, ती इथेही लिहिते. आपल्या मंडळात गेली पंचवीस वर्षे नाटिका बसवून घेणाऱ्या ज्या आजी आहेत, त्यांच्याच मिशीला सगळ्यात जास्त हसू येते, त्यांना आपण सगळ्या ओळखतो. त्यांना आता जिना चढवत नाही. त्यांचा सत्कार ह्याच वर्धापनदिनी करावा, पुढच्या वर्षावर ढकलू नये. आणि शाल-श्रीफळ देताना तालमीच्या दिवसांत ज्या सुनेने संध्याकाळची चूल एकटीने सांभाळली, तिलाही शेजारी बसवावे. ती लाजेल, नको म्हणेल. तरी हाताला धरून आणावे.

नारायणरावांचे गाणे जुन्या तबकड्यांमुळे आजही ऐकू येते. ऐकताना लक्ष्मीबाईंची आणि गोहरबाईची आठवण ठेवावी, एवढेच सांगून ही लेखणी खाली ठेवते.